मोत्या झोपेत का रडतो?

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजून गेले असावेत. पुण्यातल्या आमच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत सगळी निजानीज झाली होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, चारच दिवसांपूर्वी इस्पितळातून घरी आले होते. हृदयविकाराचा झटका ओसरला होता, पण डॉक्टरांनी अजून धास्ती सोडली नव्हती आणि आम्ही तर मुळीच नाही. अशा त्या शांततेत एकाएकी आवाज आला. बारीक, लांबट, कोणाच्या तोंडात बोळा कोंबावा आणि त्याने रडण्याचा प्रयत्न करावा तसा.

मी उठून दिवा लावला. आई माझ्या आधीच उठून बसली होती. आवाज आप्पांच्या दाराशी गोणपाटावर निजलेल्या मोत्याचा होता. मोत्या आमचा तेरा वर्षांचा गावठी कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान कायमचा मोडलेला. तो कुशीवर पडला होता. चारी पाय लटलट हलत होते, मिशा थरथरत होत्या, डोळे अर्धवट मिटलेले आणि त्या फटीतून बुबुळे इकडून तिकडे पळताना दिसत होती. मधूनच पोटातल्या पोटात तो 'भुफ् भुफ्' असे काही तरी करी आणि पुन्हा ते केविलवाणे रडणे.

तेवढ्यात आमचा धाकटा, वय वर्षे आठ, "मोत्या, काय झालं रे?" म्हणत धावला आणि त्याने झोपलेल्या कुत्र्याच्या गळ्याला मिठीच मारली. मोत्या दचकून उठला तो दात काढूनच. तेरा वर्षांत ज्याने घरातल्या कोणावर नुसते गुरगुरूनही दाखवले नव्हते, त्याने पोराच्या मनगटावर दोन दात उमटवले. पुढच्याच क्षणी त्याला आपण कोठे आहोत ते कळले असावे. शेपूट पायांत घालून तो पलंगाखाली जाऊन बसला. आम्ही मनगट नळाखाली धरून पंधरा मिनिटे साबणाने धुतले आणि उजाडल्यावर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचून आणली.

परतलो तेव्हा आईचा निर्णय झालेला होता. "घरात कुत्रं रडतंय, आणि तेही ह्यांच्या दाराशी," ती हळू आवाजात म्हणाली. "आपल्याला दिसत नाही ते त्यांना दिसतं म्हणतात. त्यातून आता चावायलाही लागला. त्याला भोरला शेतावर पोचवून ये."

तेरा वर्षांच्या कुत्र्याला शेतावर पोचवणे म्हणजे काय, हे तिलाही कळत होते आणि मलाही. मी म्हणालो, "आठ दिवस दे. त्यानंतर तू म्हणशील तसं." आई काही बोलली नाही. आमच्याकडे ह्याचा अर्थ होकार असा होतो.

त्या आठ दिवसांत मी दोन गोष्टी केल्या. दिवसा ह्या विषयावर जे मिळेल ते वाचले आणि रात्री आप्पांच्या दाराबाहेर खुर्ची टाकून, हातात वही आणि घड्याळ घेऊन मोत्याची झोप राखली.

यमाचे कुत्रे, विद्यार्थ्याचे लक्षण

आईचे म्हणणे निव्वळ खुळचट म्हणून उडवून लावण्यासारखे नाही, हे प्रथमच सांगतो. त्या समजुतीची मुळे फार खोल आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवर बसलेले दोन कुत्रे आहेत. सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीची ही मुले. त्यांना चार चार डोळे आहेत, आणि ते यमाचे दूत म्हणून माणसांत हिंडतात. कुत्रा रडला की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या छातीत धस्स होते ते काही आजचे नव्हे. पण गंमत अशी की, त्याच सूक्तात ह्या दोघांना वाटेचे राखणदार म्हटले आहे, आणि गेलेल्या माणसाला त्यांच्या हवाली कर, त्याचे कल्याण होऊ दे, अशी यमाजवळ प्रार्थना आहे. म्हणजे त्या काळच्या माणसाने कुत्र्याला भ्यायलाही सांगितले आणि आपले माणूस त्याच्यावर सोपवलेही. आपल्याकडे दत्ताच्या पायांशी चार कुत्री बसतात, खंडोबाबरोबर कुत्रे असते, आणि धर्मराजाने तर कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात पाऊल टाकायला साफ नकार दिला. अशुभाचा शिक्का मारण्यापूर्वी एवढ्या साक्षी ऐकून घ्यायला हरकत नसावी.

झोपेविषयी म्हणाल तर आपल्या पूर्वजांनी कुत्र्याला आदर्शच मानले. विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत 'श्वाननिद्रा' हे एक आहे. सावध, चटकन मोडणारी झोप. आणि हे निरीक्षण अचूक आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळीव कुत्र्यांच्या रात्री मोजण्यात आल्या. कुत्रा साधारण सोळा मिनिटे झोपतो, पाच मिनिटे जागा असतो, पुन्हा झोपतो. आठ तासांच्या रात्रीत असे तेवीसच्या आसपास फेरे होतात. आपण एका दमात रात्र काढतो, कुत्रा ती तुकड्यातुकड्यांनी काढतो.

कुत्र्याला स्वप्ने पडतात, ही कल्पनाही नवी नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले, की घोडे, बैल, शेळ्यामेंढ्या ह्यांना स्वप्ने पडतातच, आणि कुत्रा तर झोपेत भुंकून ते उघडच करतो. त्यानंतर तीनशे वर्षांनी रोमच्या ल्युक्रीशिअस ह्या कवीने शिकारी कुत्र्यांचे वर्णन केले. ती झोपेत पाय झाडतात, माग लागल्यासारखी हवा हुंगतात, आणि जागी झाल्यावरही काही क्षण नसलेल्या हरणाच्या मागे धावू पाहतात. १८७१ साली डार्विनने 'डिसेंट ऑफ मॅन' ह्या ग्रंथात हाच धागा पकडला. कुत्री, मांजरे, घोडे झोपेत हालचाल करतात, आवाज काढतात, त्या अर्थी त्यांना स्वप्ने पडत असली पाहिजेत; आणि स्वप्ने पडतात त्या अर्थी त्यांच्याजवळ थोडीफार कल्पनाशक्ती आहे हे मान्य केले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. परंतु हे सगळे बाहेरून पाहून बांधलेले तर्क. कातडीच्या आत काय चालले आहे, हे पाहायची सोय अजून व्हायची होती.

तळघरातले जुने यंत्र

ती सोय एका बापाने आपल्या मुलावर केली. शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी झोपेवर काम करीत होता. हाताशी पैसा नाही, नवे यंत्र नाही. तळघरात पडलेले मेंदूच्या विद्युत्‌लहरी नोंदवणारे एक जुनाट यंत्र त्याने ओढून काढले आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोळ्यांशी त्याच्या तारा जोडून त्याला झोपवले. मध्यरात्री यंत्राचे काटे एकदम जोरजोरात हलू लागले. पोरगा जागा झाला असेल म्हणून बाप आत गेला, तो पोरगा गाढ झोपेत! प्रथम त्याला वाटले, यंत्रच बिघडले. पण पुन्हा पुन्हा तेच होऊ लागले. झोपेत ठराविक वेळाने बंद पापण्यांखाली डोळे वेगाने फिरतात, मेंदूच्या लहरी जागेपणीसारख्या होतात, आणि त्या वेळी मोठ्या माणसाला उठवून विचारले तर बहुतेक वेळा तो स्वप्न सांगतो. १९५३ साली ॲसरिन्स्की आणि त्याचे गुरू नाथानिएल क्लाइटमन ह्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. पुढे १९५८ साली विल्यम डिमेंट ह्यांनी मांजरांतही झोपेची हीच अवस्था दाखवून दिली. नंतर कुत्र्यांतही ती आढळली.

पण मग एक प्रश्न उरतो. स्वप्नात मेंदू जागेपणीइतकाच धावत असेल, तर आपण सगळेच रात्री अंथरुणातून उठून धावत का सुटत नाही?

दाराची कडी

ह्याचे उत्तर फ्रान्समधल्या लियाँ शहरी मिशेल झूव्हे ह्यांना मांजरांच्या अभ्यासात मिळाले. १९५९ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले, की ह्या अवस्थेत मेंदू टक्क जागा, पण मान, पाठ, पाय ह्यांचे स्नायू मात्र लोळागोळा. मेंदू जागा आणि शरीर निर्जीव, ह्या विसंगतीमुळे त्यांनी ह्या अवस्थेला 'विरोधाभासी झोप' असे नाव दिले. मेंदूच्या बुडाशी 'सेतु' नावाचा एक भाग आहे. तेथून निघणारे हुकूम मज्जारज्जूत उतरून स्नायूंना गप्प बसवतात. झूव्हे ह्यांनी ह्या भागातला एक लहानसा तुकडा निकामी केलेली मांजरे पाहिली. ती ह्या झोपेत शिरताच मान वर करीत, उठून उभी राहत, दबा धरीत, समोर नसलेल्या भक्ष्यावर झडप घालीत, आणि हे सगळे झोपेत. समोर खरोखरीचे खाणे ठेवले तरी त्यांना त्याचा पत्ता नसे.

थोडक्यात असे, की स्वप्न पडू लागले की शरीराच्या दाराला आतून कडी लागते. ही कडी आपली नि इतरांची हाडे शाबूत ठेवते. पण कडी कितीही चांगली असली तरी दार थोडेसे खडखडतेच. पायाला एखादा हिसका बसतो, मिशी थरथरते, श्वास अडखळतो, आणि नरड्यातून निघू पाहणारे भुंकणे मिटल्या तोंडातून 'भुफ्' होऊन बाहेर पडते. मोत्याचे रडणे बोळा कोंबल्यासारखे का वाटले, ते मला येथे उमगले. जागेपणी कुत्रा भेसूर रडतो तेव्हा तो उठून बसतो, नाक आभाळाकडे करतो, गळा मोकळा सोडतो. ते लांबच्या कुत्र्यांना घातलेले साद-पडसाद असतात. झोपेतला आवाज कोणालाच उद्देशून नसतो. तो नुसता फटीतून झिरपतो.

कोवळ्या पिलांत ही कडी अजून नीट बसलेली नसते आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत ती सैल होत जाते, असे सांगतात. म्हणून झोपेतली वळवळ पिलांत आणि म्हाताऱ्यांत जास्त दिसते. आमचा मोत्या तेरा वर्षांचा. त्याची कडी कुरकुरू लागली होती इतकेच.

हीच कडी भलत्या वेळी लागली तर काय होते, हेही कुत्र्यांनीच दाखवून दिले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० नंतरच्या काळात डिमेंट ह्यांनी डॉबरमन आणि लॅब्रॅडॉर जातींची काही विलक्षण कुत्री सांभाळली होती. ताटली पुढे आली, खेळायला सोबती मिळाला, की आनंदाच्या भरातच त्यांचे पाय लुळे पडत आणि ती जागच्या जागी कोसळत. माणसांनाही होणारा हा निद्राविकार. १९९९ साली त्या कुत्र्यांतला सदोष जीन सापडला आणि त्याच्यापाठोपाठ माणसांतल्या रोगाचे कारणही उलगडले. झोपाळू कुत्र्यांचे आपल्यावर हे ऋण आहे.

स्वप्नात काय दिसते?

हे सारे खरे; पण पाय हलले म्हणजे स्वप्नच पडले कशावरून? कुत्र्याला उठवून विचारता येत नाही, आणि येत असते तरी त्याने शेजारच्या मांजरीविषयी खरे सांगितले असतेच असे नाही. ह्या अडचणीतून वाट काढली ती उंदरांनी.

अमेरिकेतल्या एम.आय.टी. ह्या संस्थेत मॅथ्यू विल्सन आणि केनवे लुई ह्यांनी उंदरांना एका वाटोळ्या मार्गावर खाण्यासाठी धावायला शिकवले. धावताना मेंदूतल्या कोणत्या पेशी कोणत्या क्रमाने चेततात, ते नोंदवून घेतले. मग उंदीर झोपले. विरोधाभासी झोप लागल्यावर तपासलेल्या चाळीसहून अधिक प्रसंगांपैकी सुमारे निम्म्या प्रसंगांत त्याच पेशी त्याच क्रमाने आणि जवळजवळ त्याच गतीने पुन्हा चेतल्या. उंदीर स्वप्नातल्या मार्गावर कोठे पोचला आहे, हेसुद्धा कागदावरून सांगता येत होते! हे २००१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्याच वर्षी शिकागो विद्यापीठात झेब्रा फिंच नावाच्या चिमुकल्या पाखरांच्या मेंदूत असेच काहीसे दिसले होते. दिवसा गाताना ज्या पेशी चेतत, त्याच झोपेत अधूनमधून तीच लय धरीत. पाखरू झोपेत मुक्याने रियाज करीत होते म्हणा ना.

कुत्र्यांच्या बाबतीत मेंदूत तारा खुपसण्याची गरजच पडू नये, अशी सोय हंगेरीत बुडापेस्टच्या एत्वेश लोरांद विद्यापीठातल्या मंडळींनी केली. लोकांच्या घरची पाळीव कुत्री त्यांनी बोलावली, डोक्यावर नुसत्या चिकटवायच्या तारा लावल्या, जमिनीवर गादी घातली आणि मालकालाच शेजारी आडवे व्हायला सांगितले. मालक शेजारी असला की कुत्रा कोठेही झोपतो, हे शास्त्र त्यांना चांगलेच अवगत असावे. एका प्रयोगात 'बस', 'आडवा हो' ह्या हंगेरियन हुकुमांवर वाढलेल्या कुत्र्यांना तेच हुकूम इंग्रजीत शिकवले गेले. शिकवणीनंतरच्या झोपेत त्यांच्या मेंदूच्या लहरी बिनशिकवणीच्या झोपेपेक्षा वेगळ्या उमटल्या, आणि झोपून उठल्यावर त्यांना इंग्रजी अधिक चांगले येऊ लागले होते! हे २०१७ सालचे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात असे दिसले, की झोपेआधी ज्यांना लाडाऐवजी दुरावा आणि धाक सोसावा लागला, ती कुत्री लाड झालेल्यांपेक्षा लवकर झोपी गेली. दुखावलेला जीव झोपेचा आसरा घेतो. हे आपल्याला नवे नाही, पण कुत्र्यालाही ते लागू आहे, हे वाचून मी त्या दिवशी मोत्याला पलंगाखालून बाहेर काढले आणि त्याची समजूत घातली.

म्हणजे दिवसभराचे जगणे झोपेत पुन्हा उलगडून, झटकून, नीट घडी घालून ठेवले जाते, एवढे आज बऱ्याच खात्रीने सांगता येते. कुत्र्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे चित्र दिसते की नाकात वास दरवळतो, हे मात्र त्याचे त्याला ठाऊक.

आठ रात्रींची वही

आता माझ्या वहीविषयी. ती शास्त्रज्ञाची वही नव्हे, एका जागरणाने पेंगुळलेल्या मुलाची आहे. तरीही तिच्यात काही गोष्टी सापडल्या.

पहिली ही, की मोत्या 'रडत' होता तो रात्रीतून केवळ एक-दोनदा. बाकीचे आवाज निराळेच होते. 'भुफ्' हा दुधाची पिशवी टाकणाऱ्याला पाहून काढतो तसा, फक्त दाबलेला. चुळूचुळू तोंड वाजवणे हे भाकरी-दुधाच्या वाडग्यावरचे. एकदा तर झोपेतच त्याची शेपटी गोणपाटावर चार वेळा आपटली. कोण आले होते कोणास ठाऊक.

दुसरी, की एकही प्रसंग पाऊण मिनिटाच्या पुढे गेला नाही. मी कासावीस होऊन घड्याळाकडे पाहीपर्यंत तो संपलेला असे. मोठा सुस्कारा, कूस बदलणे आणि पुन्हा शांत घोरणे.

तिसरी, की हे सगळे झोप लागल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी सुरू होई, लगेच नाही. आणि आप्पांना पाहायला माणसांची रीघ लागलेली असे त्या दिवसांच्या रात्री गडबड अधिक. घरात आजारपण आल्यापासून मोत्याचेही सगळे बिनसले होते. फिरणे चुकत होते, औषधांचे वास येत होते, आणि दहा दिवस आप्पा नाहीसे झाले होते ते कोठे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मोत्याला यमदूत दिसत होते असे मला वाटत नाही. आम्हां सगळ्यांना त्या दहा दिवसांत जे दिसत होते, तेच त्यालाही दिसत असावे.

सहाव्या रात्री तीन वाजता पुन्हा ते बारीक रडणे सुरू झाले. मी वही उघडली. तेवढ्यात आतून आप्पांचा आवाज आला, "बाहेर खुर्चीत कोण आहे?"

मी आत गेलो. ते जागेच होते. आई उशाशी बसली होती. मी अपराध्यासारखा म्हणालो, "आप्पा, मोत्यामुळे झोप मोडली ना?"

"अरे, मला इस्पितळातनं आल्यापासून रात्री झोप कुठे लागते?" आप्पा म्हणाले. "सगळं घर चिडीचूप असतं. मी आपला छातीतले ठोके मोजत पडलेला असतो. तो दाराशी काहीबाही बडबडतो ना, तेवढीच सोबत वाटते." मग थोडे थांबून आईकडे पाहत म्हणाले, "त्याला शेतावर धाडायचं चाललंय म्हणे. का, तर झोपेत ओरडतो म्हणून. मग काल पहाटे मी झोपेत कुणाला शिव्या घालत होतो, सांग पाहू. मलाही धाडणार का भोरला?"

त्या दहा-बारा दिवसांत आई पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. शेताचा विषय पुन्हा निघाला नाही.

झोपेतल्या कुत्र्याला हात लावू नका

त्या आठवड्यात मी मोत्याला घेऊन पशुवैद्यांकडेही गेलो होतो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी लक्षात ठेवावे असे त्यांनी जे सांगितले, ते येथे देतो.

झोपेत कण्हणाऱ्या कुत्र्याला हलवून उठवू नये, मिठी तर मुळीच मारू नये. कडी उघडता उघडता स्वप्न आणि घर ह्यांची गल्लत होते आणि तेवढ्या क्षणात दात लागतात. त्यात कुत्र्याचा दोष नसतो आणि मुलाचाही नसतो, दोष न सांगणाऱ्या मोठ्यांचा असतो. फारच राहवले नाही तर दोन हात लांब उभे राहून शांत आवाजात नाव घ्यावे. कान गेलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याजवळ जमिनीवर हलकेच पाऊल आपटावे. दात लागलेच तर कुत्रा घरचा, टोचलेला म्हणून गप्प बसू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टर गाठावा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सगळीच वळवळ स्वप्नाची नसते. स्वप्नात पाय सैल असतात, हिसके वेडेवाकडे आणि थोडा वेळ असतात, आणि हाक मारली की कुत्रा डोळे उघडून ओळखतो. फिटचे तसे नाही. तिच्यात अंग लाकडासारखे ताठ होते, पाय एका ठेक्यात झटके देतात, जबडा आवळतो, तोंडाला फेस येतो, पुष्कळदा लघवी किंवा शी होते, आणि हाक मारली तरी कुत्रा भानावर येत नाही. संपल्यावरही तो बराच वेळ भांबावलेला राहतो, भिंतींना धडकतो, घरच्यांना ओळखत नाही. अशा वेळी त्याच्या तोंडात हात किंवा चमचा घालू नये. आजूबाजूचे सामान दूर सारावे, दिवा मंद करावा, घड्याळ पाहावे आणि जमल्यास फोनवर चित्रण करून ठेवावे. वैद्याला ते दहा वाक्यांपेक्षा अधिक सांगून जाते. फिट पाच मिनिटांपुढे गेली किंवा एकामागून एक येऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता कुत्र्याला उचलून न्यावे. आणि म्हातारा कुत्रा झोपेत उठून धावू लागला, भिंतीवर आपटू लागला, रात्री विनाकारण येरझारा घालू लागला, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये. त्यावरही उपाय असतात.

दिवाळीच्या दिवसांत तर हे अधिकच सांभाळायला हवे. फटाक्यांनी दिवसभर धसका घेतलेला कुत्रा रात्री झोपेतही दचकतो. त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, घरच्या माणसाच्या पायाशी जागा द्यावी. बुडापेस्टची गादी हेच सांगते.

मोत्या आता चौदा वर्षांचा आहे. आप्पा सकाळी त्याला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणतात. डॉक्टरांनी दोघांनाही तेवढेच चालायला सांगितले आहे. धाकटा आता मोत्या झोपेत बोलू लागला, की दारात उभा राहून नुसता पाहतो आणि "आज मांजर," किंवा "आज दूधवाला," असा निकाल देतो.

गोणपाट मात्र आप्पांच्या दारातून उचलून आतच, त्यांच्या पलंगाशेजारी घातले आहे. ते कोणी हलवले, हे कोणी कबूल करीत नाही. परवा मध्यरात्री पाणी प्यायला उठलो, तेव्हा त्या खोलीतून काहीतरी बारीक कण्हणे ऐकू आले. मी दाराशी थबकलो. काळोखात आईचा झोपाळू आवाज आला, "असू दे, असू दे. मी आहे इथे. झोपा आता."

त्यातले कोण कण्हत होते ते मला कळले नाही. पण दोघेही गप्प झाले आणि थोड्याच वेळात दोघेही घोरू लागले.